आईचं सिम आईकडेच राहू द्या

ताई, नमस्कार.

मी मूळचा पारोळा तालुक्यातला, सध्या चाकणला कंपनीत आहे. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आई चोपन्न वर्षांची, शाळेत कधी गेली नाही. पाच एकर ती एकटी बघते. कपाशी, थोडा मका, रब्बीला दादर ज्वारी. शेत आता तिच्या नावावर आहे, त्यामुळे सगळे ओटीपी तिच्याच नंबरवर येतात. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. गेल्या दिवाळीला मी चांगला टचचा फोन घेऊन दिला, तो कपाटात पडून आहे. "माले काय समजस त्यामा," म्हणते. पीक पाहणी, म्हणजे पिकाची ऑनलाइन नोंद असो, केवायसी असो, ती गावातल्या ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानात जाऊन फोन देऊन बसते. तिथला पोरगा फोन हातात घेतो, आकडा बघतो, काय केलं ते सांगत नाही आणि शंभर-दोनशे रुपये घेतो. पीएम किसानचा हप्ता जमा झाल्याचं तिला दोन महिन्यांनी कळलं. साध्या फोनमधली नावंसुद्धा तिला वाचता येत नाहीत. माझ्या नंबरच्या शेवटी ४७ आहे, तेवढं बघून ती मला ओळखते. मागच्या आठवड्यात मी चिडलो आणि "एवढं साधं कळत नाही का तुला," असं बोलून गेलो. तेव्हापासून ती फोनचा विषयच काढत नाही. आता वाटतं, तिचं सिमच माझ्याकडे घेऊन टाकावं, सगळं मी इथून करीन. की तिला लिहायला-वाचायला शिकवू? की अशा माणसांसाठी एखादं चांगलं अ‍ॅप आहे?

एक मुलगा, चाकण

भाऊ,

सिमचं आधी सांगते, कारण माझं उत्तर पोचायच्या आत तुम्ही ते करून बसाल अशी भीती वाटते. सिम घेऊ नका.

तुमच्या मनात आईंची काळजीच आहे, हे पत्र वाचताना कळतं. पण तो नंबर आता त्यांची सही आहे. आधारला तोच जोडलेला, बँकेला तोच, पीएम किसानला तोच, शेतकरी ओळख क्रमांक काढताना ओटीपी आला तोही त्याच्यावरच. सिम चाकणला गेलं की आई मालकीण राहतील ती फक्त सातबाऱ्यावर. बँकेत, योजनेत, अ‍ॅपमध्ये त्यांच्या नावाने तुम्ही वावराल. शिवाय कामंही अडतीलच. पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, अ‍ॅप जागा तपासतं. आई बांधावर उभ्या राहून तुम्हाला आकडा विचारतील आणि तुम्ही सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. आज त्या दुकानातल्या पोराची वाट बघतात, उद्या तुमची बघतील. माणूस घरचा आला, वाट बघणं सुटलं नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. माझ्या नंबरच्या शेवटी ४७ आहे, तेवढं बघून ती मला ओळखते. तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलंय. मला तर सगळ्या पत्रात तीच सर्वांत मोठी बातमी वाटली. आईंना आकडे वाचता येतात! अक्षर येत नाही, तरी आकडा येतो. यायलाच हवा. कापसाच्या काट्यावर क्विंटलचा आकडा त्यांनी बघितलाय, बियाण्याच्या पाकिटावरची किंमत बघितलीय, मजुरांची हजेरी आणि वेचणीचे किलो डोक्यात ठेवलेत. मी चोपडा-यावलकडे बायकांच्या शेतीशाळा घ्यायचे तेव्हा एक बाई असंच करायच्या. बावन्न म्हणजे भाऊ, सतरा म्हणजे दवाखाना, ऐंशी म्हणजे ट्रॅक्टरवाला. वीस-बावीस नंबर होते त्यांच्या फोनमध्ये आणि एकही नाव त्यांना लागत नव्हतं.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. बंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी यांनी घरकाम करणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बायकांसोबत बसून असे पडदे तयार केले, ज्यांच्यावर अक्षर जवळपास नव्हतंच. त्यांना दिसलं की आकडे ठेवले तरी चालतात, चित्राला आवाजाची जोड लागते, आणि वाट चुकते ती एकात एक दडलेल्या यादीत. हे दाबा, मग त्यात ते दाबा, मग त्याच्या आत आणखी काही. तुमचा दिवाळीचा फोन कपाटात का गेला, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. तुम्ही त्यात सगळं भरून दिलं असणार, आणि सगळं आतल्या आत.

दुसरी गोष्ट गुजरातची. तिथे कापूस-जिरं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ‘आवाज ओटलो’ नावाची फोन सेवा चालवून बघितली गेली. २००९ मध्ये सात महिने, ५१ शेतकरी. साध्या फोनवरून प्रश्न बोलून ठेवायचा, दुसऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायची. ती करणाऱ्या मंडळींनी आधी एक तुलना केली होती. फोनला तोंडाने आज्ञा द्यायची की आकड्याचं बटण दाबायचं? सगळ्यांना वाटेल, न शिकलेल्या माणसाला बोलणं सोपं. झालं उलटं. बटण दाबणारे जास्त वेळा मुक्कामी पोचले. म्हणून आई "ओके गूगल" म्हणायला लाजल्या तर रागावू नका. यंत्राशी बोलायचं म्हणजे कसं बोलायचं, हा संकोच खरा असतो. आणि आई बोलतात अहिराणी, फोनचे कान तयार झालेत पुस्तकी मराठीवर. "शे" आणि "ऱ्हायनं" त्याला नीट कळेलच असं नाही. माणसाने फोनशी बोलण्याआधी फोन माणसाशी बोलायला हवा. मी सांगणार आहे ते सगळं यातूनच निघालेलं आहे.

आता श्रावण येतोय. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसेल, भाऊबंदकीचे रोट असतील, तुम्ही गावी जालच. दोन दिवस जास्तीचे काढून जा. खरिपाची पीक पाहणीही साधारण त्याच सुमारास सुरू होते, म्हणजे शिकायला खरं काम हाताशी असेल.

गेल्यावर पहिलं काम साध्या फोनचं. तो काढून घेऊ नका. बँकेचं, आधारचं सिम त्याच साध्या फोनमध्ये, आईंच्या पिशवीतच राहू द्या. टच फोनला वेगळं, दुसरं सिम घाला. हा सल्ला उलटा वाटेल, दुकानात कोणी असं सांगणार नाही. पण माझं त्यामागे कारण आहे. सध्या खेड्यात पैसे जातात ते बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमुळे. नाव ‘पीएम किसान’ असतं, शेवटी एपीके लिहिलेलं असतं. बोट लागलं की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं, ते ओटीपीचे संदेश चोरून वाचतं आणि पुढे पाठवतं. ओटीपी जर दुसऱ्याच फोनवर, बटणांच्या डबड्यावर येत असेल, तर त्या चोर अ‍ॅपला तिथे हात पोचत नाही. आई लहान फोनवर आलेला आकडा बघतील आणि मोठ्या फोनवर दाबतील. आकडे तर त्यांचेच आहेत.

साध्या फोनमध्येही एक सोय बघा. बटण दाबलं की आकडा मोठ्याने म्हणणारे बरेच साधे फोन मिळतात. आईंच्या फोनमध्ये ती सोय सेटिंगमध्ये बंद असेल तर चालू करा. नसेल तर तसा फोन घ्या, फार खर्च येत नाही.

आता कपाटातला फोन. त्याचा पहिला पडदा पूर्ण रिकामा करा. अगदी घड्याळसुद्धा नको. मग त्यावर चारच गोष्टी ठेवा. तुमचा फोटो, दाबला की थेट तुम्हाला फोन लागेल असा. जवळच्या, रोज भेटणाऱ्या एका माणसाचा फोटो, मावशी असतील किंवा बचत गटातली मैत्रीण. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप गप्पांचा शॉर्टकट, म्हणजे आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडून यादीत तुम्हाला शोधायला नको. आणि कॅमेरा. महिनाभर एवढंच. पाचवी गोष्ट आई स्वतः मागतील तेव्हा ठेवा. फोनमध्ये पडद्याची मांडणी कुलूपबंद करायची सोय असेल तर ती करून टाका, नाहीतर चार दिवसांत चित्रं इकडची तिकडे होतील.

ती इकडची तिकडे का होतात, तेही समजून घ्या. निंदणी-वेचणीचं बोट कडक असतं, कोरडं असतं, बोंडाच्या टोकांनी चिरलेलं असतं. असं बोट काचेवर टेकलं तर कधी लागत नाही, म्हणून माणूस जोराने आणि वेळ लावून दाबतो. फोन समजतो की दाबून धरलंय, आणि चित्र उचकटतं. बघणारा म्हणतो, आईला जमत नाही. आईला जमतंय, फोन शहरातल्या बोटासाठी लावलेला आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो. तो सर्वांत लांब ठेवा. वर जाड काच चिकटवली असेल तर काढून पातळ लावा. हेच बोट केवायसीच्या मशीनवरही लागत नाही, हा अनुभव गावात कितीतरी जणांना आहे. पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते. अंगठा आणि ओटीपी, दोन्हीची त्यात गरज पडत नाही. ते काम कानबाईच्याच दिवसांत घरी बसून करून टाका, दुकानाची एक फेरी वाचेल.

त्याच अ‍ॅक्सेसिबिलिटीत सिलेक्ट टू स्पीक असतं, ते चालू करा आणि गूगलचा मराठी आवाज आधीच उतरवून ठेवा. पडद्याच्या कडेला एक छोटं चिन्ह येतं. ते दाबायचं, मग मजकुरावर बोट ठेवायचं, फोन मोठ्याने वाचतो. टॉकबॅक मात्र चालू करू नका. ते अंध माणसांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी उत्तम आहे, पण त्याने फोन हाताळायची सगळी रीत बदलते. एकाने चुकून चालू केलेलं टॉकबॅक बंद होईना म्हणून फोन मोडला समजून विकायला काढलेला मी पाहिलाय.

कागदासाठी आणि लहान फोनवर आलेल्या संदेशासाठी गूगल लेन्स. बँकेचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो. मोठ्या फोनचा कॅमेरा लहान फोनच्या पडद्यावर धरायचा, भाषांतर मराठीत ठेवायचं, ऐका दाबायचं. एक फोन दुसऱ्या फोनचा निरोप वाचून दाखवेल. पहिल्यांदा हे बघताना आईंच्या चेहऱ्याकडे बघा. हप्त्याचा संदेश कसा दिसतो तेही एकदा दाखवून ठेवा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,०००च्या तीन हप्त्यांत येतात. २००० हा आकडा आणि खात्याचे शेवटचे आकडे, एवढं त्यांना पुरेल. अधूनमधून पासबुक भरून आणायचं, ते बंद करू नका.

लेन्सचं एक बजावून सांगते. औषधाच्या बाटलीवर त्याचा उपयोग कशाचं औषध आहे एवढं कळायलाच करा. पंपाला किती मिली टाकायचं, हे भाषांतरातून घेऊ नका. आकडा लेबलवर छापलेला असतो, तो आई वाचतील, आणि तरीही कृषी सहायकांना विचारतील. २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं गेली. तो कापूस आपल्यासारखाच, फवारायची घाई आपल्यासारखीच. आणि बाटलीवरचा रंगीत त्रिकोण आईंना नक्की दाखवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी विचार केला होता की हे वाचता न येणारा माणूसही हाताळणार आहे. फक्त त्या रंगांचा अर्थ शेतकऱ्याला सांगायचा राहून गेला. निम्म्या गावाला तो माहीत नसतो.

बोलून निरोप पाठवणं हे आईंचं मुख्य हत्यार होईल. माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. सुरुवातीला त्या बोलतील आणि बोट आधीच उचललेलं असेल. चालतं. अहिराणीत बोलू द्या, ऐकणारे तुम्ही आहात. पान लाल पडलं की फोटो काढून पाठवायचा आणि खाली बोलायचं. तोच फोटो तुम्ही कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात पुढे पाठवू शकता. जळगावला ममुराबादला आणि पालला, धुळ्याला, नंदुरबारला अशी केंद्रं आहेत.

तुमच्याकडून उलट दिशेने काय जाईल, ते ठरवा. हवामान खात्याचं मेघदूत अ‍ॅप २०१९ पासून आहे. त्यात जिल्ह्याचा शेती सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीत येतो, पण वाचायचा असतो. तो तुम्ही चाकणला वाचा आणि अर्ध्या मिनिटाचा निरोप आपल्या बोलीत पाठवा. "आई, परवा पाऊस सांगितलाय, खत टाकू नको." सिम घेऊन तुम्ही जे करणार होता त्यापेक्षा हे मोलाचं आहे, आणि यात आईंचा निर्णय आईंकडेच राहतो.

तुम्ही अ‍ॅप विचारलंत. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार अ‍ॅप आहे, त्यात मराठीत बोलून प्रश्न विचारता येतो. पीएम किसानपुरत्या प्रश्नांना उत्तरं देणारा किसान ई-मित्र आहे, २०२३ पासून. दोन्ही तुम्ही स्वतः आधी वापरून बघा आणि मगच आईंना दाखवा. पण आज, या क्षणी, आईंसाठी सर्वांत चांगलं अ‍ॅप म्हणजे एक नंबर आहे, १८००-१८०-१५५१. किसान कॉल सेंटर. २००४ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, साध्या फोनवरून लागतो, सकाळी सहा ते रात्री दहा, आणि पलीकडे मराठी बोलणारा जिवंत माणूस असतो. त्याला लाल्या म्हटलं तरी कळतं, बोंडअळी म्हटलं तरी कळतं, आणि नाही कळलं तर तो परत विचारतो. पहिला फोन तुम्ही शेजारी बसून लावा, बोलू द्या आईंनाच.

पीक पाहणीकडे येते, कारण तिथे चूक महाग पडते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात आपल्या पिकाची नोंद आपणच अ‍ॅपमधून करायची पद्धत आली. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने विक्री, सगळीकडे तो सातबारा बघतात. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागली, आणि तिथेही पिकाची नोंद असलेला सातबारा लागला. म्हणजे ऑगस्टमध्ये दुकानातल्या पोराने घाईत कपाशीऐवजी मका टाकला, तर त्याची शिक्षा आईंना दिवाळीनंतर काट्यापाशी मिळते, आणि तेव्हा कारणही कळत नाही. म्हणून ही नोंद शेतातच, आईंच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. आईंच्या बचत गटातली एखादी शिकलेली सून असेल तर दोघी-तिघी मिळून एकेकीच्या शेतात जातील. कोणीच नसेल तर गावपातळीवर सहायक नेमलेले असतात, त्यांना बांधावर बोलवायचं. करणारा कोणी का असेना, शेवटचं बटण दाबायच्या आधी त्याने तोंडाने वाचून दाखवायचं. गट नंबर अमुक, पीक अमुक, क्षेत्र अमुक. आईंनी हो म्हटल्यावर पुढे.

दुकानाशी भांडण काढू नका. प्रिंट काढायला, कधी अंगठा लावायला तिथे जावं लागणारच. पण फोन हातातून द्यायचा नाही. आकडा आला की आईंनी आधी विचारायचं, "हा कशाचा?" उत्तर पटलं तर एकेक आकडा स्वतः सांगायचा. नाही पटलं तर ४७ ला फोन. सुरुवातीला पोरगा वैतागेल, मागे रांग असेल, कोणीतरी "मावशी, लवकर" म्हणेल. त्या वेळी न बावरता उभं राहायची सवय तुम्ही सोबत जाऊन एकदा लावून द्या. ओटीपीच्या संदेशात ‘कोणालाही सांगू नका’ असं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा इंग्रजीत. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच तो इशारा वाचता येत नाही. हे मला फार सलतं. तो इशारा तुम्हीच तुमच्या आवाजात त्यांना द्यायचा आहे.

फसवणुकीचं आणखी थोडंच सांगते. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली तर हात लावायचा नाही. तुम्ही टच फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप बसवायची परवानगी बंद करा आणि फाइल आपोआप उतरणंही बंद करा. पोलीस, बँक, तुमचा अपघात, काहीही सांगून कोणी घाबरवलं तर घरातला एक खुणेचा शब्द विचारायचा. तुमच्या पहिल्या बैलजोडीची नावं ठेवा, ती बाहेरच्याला माहीत नसतात. आणि पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३०. हा नंबर आईंना पाठ करायला सांगा, चारच आकडे आहेत.

यूपीआय आत्ता देऊ नका. कापसाचे पैसे खात्यात येतात, किराणा रोखीने होतो, मग घाई कशाला? पुढे त्यांना हवं वाटलं तर दुसरं छोटं खातं काढून, त्यात हजार-दोन हजार ठेवून सुरू करा. साध्या फोनसाठी *९९# आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, पण पडद्यावरची यादी वाचावी लागते, म्हणून आईंच्या कामाचं नाही. मार्च २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३ पे मात्र फोन लावून ऐकत ऐकत, आकडे दाबत करता येतं. ते त्यांना जमेल असं मला वाटतं.

लिहायला-वाचायला शिकवू का, हे त्यांनाच विचारा. १५ वर्षांवरच्या कोणालाही बसता येईल असा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, २०२२ ते २०२७ असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौकशी करा. त्यांना स्वतःचं नाव लिहावंसं वाटत असेल, पोथी वाचावीशी वाटत असेल, तर जरूर पाठवा. पण आधी अक्षर शीक, मग फोन वापर, अशी अट घालू नका. हंगाम त्यासाठी थांबत नाही. बऱ्याचदा फोनच अक्षराची गोडी लावतो. रोज दिसणाऱ्या तुमच्या फोटोखाली तुमचं नाव असतं, ते एक दिवस आपसूक ओळखीचं होतं.

राहिलं तुमचं ते वाक्य. "एवढं साधं कळत नाही का." ते साधं नाही, भाऊ. मी स्वतः ते पडदे बघितलेत. इंग्रजी-मराठी मिसळलेली बटणं, मधेच परवानग्या मागणारे चौकोन, पाच मिनिटांनी परत पहिल्यापासून सुरू. पदवीधर माणूस तिथे चुकतो. आई तीन वर्षं एकट्या पाच एकर ओढताहेत, वखर-पाळीपासून काट्यापर्यंत, आणि मुलाच्या तोंडून हे ऐकलं. "माले काय समजस" हे त्या आधीपासून म्हणत होत्या, तुम्ही त्यावर शिक्का मारलात. फोनवर माफी मागू नका, ते बोलणं अर्धवट राहील. समोर बसून मागा, आणि त्याच बैठकीत त्यांनी तुम्हाला काही शिकवावं असं करा. दादरचं बी घरी कसं राखायचं, किंवा यंदाची मजुरी कशी काढली. फोन त्यानंतर उघडा.

शिकवताना फोन आईंच्या हातात आणि तुमचे हात मागे. अडल्या तरी बोट पुढे करू नका, तोंडाने सांगा. आणि एकट्या आईंना शिकवू नका, शेजारची कोणीतरी सोबत बसवा. तुम्ही चाकणला परत गेल्यावर चुकलं की त्या दोघी एकमेकींना विचारतील, तुम्हाला विचारायला कदाचित पुन्हा बिचकतील.

निघायच्या दिवशी पारोळ्याच्या स्टँडवरून एसटीत बसलात की आईंना बोलून निरोप पाठवायला सांगून ठेवा. काहीही बोलू देत. बोट आधी उचललं गेलं आणि नुसता "हां, ऐक" एवढाच आवाज आला, तरी तुम्ही लगेच उत्तर पाठवा.

तुमची ताई